खिळे शिशाच्या भावाने विकू नका

हुबळी-धारवाडात बंद पडलेल्या छापखान्यांच्या मागच्या खोलीत अजून खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचे, घोडे उभे आहेत. डीटीपी आणि ऑफसेट आल्यावर ट्रेडल थांबलं, जुळारी दुसऱ्या कामाला लागले, मालक थकले. आता पुढच्या पिढीला ती खोली मोकळी करायची आहे. गुजरीवाला, म्हणजे भंगारवाला, येतो, खिळ्यांची एक केस ओढून बघतो आणि म्हणतो, ‘सगळं सीसच की हो अण्णा, सीसाचा रेट लावतो.’ तिथेच बरीच घरं फसतात, कारण खिळा हे नुसतं शिसं नसतं. त्यात तीन धातू असतात आणि उरलेले दोन्ही शिशाहून महाग आहेत.

खिळ्याच्या धातूत शिसं, अँटिमनी आणि कथील असतं. नुसतं शिसं मऊ पडतं, ट्रेडलच्या दाबाखाली अक्षराचं तोंड चेपलं असतं. अँटिमनीमुळे ते कडक होतं आणि थिजताना आकसणं कमी होतं, म्हणून अक्षराची कड रेखीव उतरते. कथलामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. टाइप फाउंड्रीत ओतलेल्या चांगल्या खिळ्यात साधारण ५५ ते ६० टक्के शिसं, २३ ते २८ टक्के अँटिमनी आणि १२ ते १८ टक्के कथील असं प्रमाण असे. मोनोटाइप यंत्राच्या धातूत अँटिमनी १५ ते १९ टक्के आणि कथील ७ ते ९ टक्के. लायनोटाइपच्या सळ्यांत अँटिमनी ११-१२ टक्के, कथील ४ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक फाउंड्रीचा हात वेगळा, त्यामुळे तुमच्या केसमधला माल नेमका कोणता हे तपासल्याशिवाय कळत नाही. तपासायचं कसं ते पुढे सांगतो.

त्याआधी तब्येतीची गोष्ट, कारण हिला मागे ठेवून चालत नाही. बरीच वर्षं बंद पडलेल्या केसमधल्या खिळ्यांवर पांढरी भुकटी धरते. ती धूळ नव्हे, शिशाचा गंज असतो आणि तो पोटात किंवा छातीत गेला तर शरीरात साठून राहतो. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो. म्हणून केस उघडल्यावर फुंकर मारू नका, केरसुणी फिरवू नका. ओल्या फडक्याने पुसा. हातमोजे आणि एन-९५ मुखपट्टी वापरा, काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याखेरीज चहाचा कप उचलू नका, अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, कितीही कुतूहलाने आली तरी. आणि ‘वितळवून विटा पाडल्या की भाव जास्त येतो’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. घरच्या शेगडीवर शिसं वितळवणं धोक्याचं आहेच, शिवाय वितळवलेल्या ढेकळात काय मिसळलंय हे कुणालाच दिसत नसल्याने घेणारा भाव पाडूनच मागतो. अख्ख्या खिळ्याकडे बघून निदान हा छापखान्याचा माल आहे एवढं तरी कळतं.

आता निवड. भंगाराच्या धंद्यात खरा पैसा निवडण्यात आहे आणि तो एरवी गुजरीवाला कमावतो, कारण आपण त्याला सगळं एकत्र देतो. लोहचुंबक घ्या आणि सुरुवात करा. चेस, गॅली, स्टिक, कुलपं अशा जुळणीच्या साधनांतलं जे लोखंडी असेल ते चिकटेल, त्याचा ढीग वेगळा. मग रेघा छापायचे पितळी रूळ. हे सहज हाती लागत नाहीत, पातळ पट्ट्यांच्या खणात शिशाच्या लेडमध्ये मिसळून पडलेले असतात. एक एक पट्टी बाहेर काढून कडेला जरा घासली की पिवळा रंग उमटतो. पितळेचा भाव शिशाच्या कितीतरी वर, म्हणून इथे घाई करू नका. खिळ्यांची फाउंड्री चालवणाऱ्या घरात पितळी मातृका, म्हणजे अक्षर ओतायचे साचे, सापडल्या तर त्या भंगारात जाताच कामा नयेत, त्याबद्दल थोडं पुढे.

ओळींमध्ये घालायची लेड, स्लग, क्वाड आणि कोरे ठोकळे यांचा ढीग खिळ्यांपासून वेगळा ठेवा. यांना अक्षराचं तोंड नसतं, त्यामुळे बहुतेक वेळा हा माल हलक्या प्रतीच्या मिश्रधातूचा असतो. लायनोच्या सळ्या असतील तर त्यांचा तिसरा ढीग. आणि चित्रांचे ब्लॉक यांच्यापासून अगदी लांब. लाकडावर ठोकलेले हे ब्लॉक बहुधा जस्ताचे, काही हाफटोन तांब्याचे. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, शिसं ३२७ ला. थोडंसं जस्त शिशाच्या भट्टीत गेलं तरी रस दाट आणि गाळासारखा होतो आणि अख्खी खेप नासते. पुनर्वापर कारखान्याच्या माणसाला खिळ्यांच्या पोत्यात एक जस्ताचा ब्लॉक दिसला, की तो पूर्ण पोत्याचा भाव कापतो, आणि त्याचं चुकत नाही. तांब्याचे ब्लॉक ओळखायला मागची बाजू खरवडा, तांबूस दिसतं. लाकूड उपटून काढा, ठोकलेल्या चुका लोखंडाच्या ढिगात टाका.

भंगार ठरवण्याआधी एकदा शांतपणे बसून हा विचार करा, की यात भंगार नसलेलं काय आहे. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. इथल्या छापखान्यांत कन्नड, देवनागरी आणि रोमन असे तिन्ही फाँट शेजारी शेजारी असत. लग्नपत्रिका मराठी, हँडबिल कन्नड, कोर्टाचे फॉर्म इंग्रजी. देवनागरीच्या पूर्ण फाँटला काना-मात्रा, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं धरून शेकडो घरं लागत. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी ही संख्या कमी करण्याची बरीच खटपट केली होती, ती यामुळेच. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या फाउंड्रीचे खिळे दूरदूरच्या छापखान्यांत गेले. आज तसा देवनागरी फाँट ओतणारं सहसा कुणी मिळत नाही. म्हणून एखादा फाँट घरांनिशी पूर्ण असेल, अक्षरांची तोंडं झिजलेली नसतील, तर तो वजनावर देणं म्हणजे नुकसान. अक्षररचना शिकवणाऱ्या संस्था आहेत, मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी, अहमदाबादचं एनआयडी, बेंगळुरूमधल्या डिझाइनच्या शाळा; लेटरप्रेसची आवड जोपासणारे तरुण छापणारेही आहेत. त्यांना फोटो पाठवून विचारा. फोटोत केस सरळ वरून, उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढा आणि एक ओळ जुळवून छापून तिचा ठसा पाठवा. घेणारा केसपेक्षा ठसा बघतो. उत्तर येईपर्यंत महिनाभर थांबायची तयारी ठेवा, शिसं काही नासत नाही.

पोस्टरचे मोठे लाकडी खिळे जळणाला देऊ नका, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण दिलेले मी पाहिले आहेत. नाटक कंपन्यांच्या आणि सिनेमाच्या भिंतीवरच्या जाहिराती ज्यांतून छापल्या त्या कन्नड आणि देवनागरी लाकडी अक्षरांना आज संग्राहक सुट्या नगावर पैसे देतात. पितळी मातृका तशाच. ट्रेडल यंत्र चालू स्थितीत असेल तर ते बिडाच्या वजनावर न देता छापणाऱ्याला विचारून बघा. कागदाला खोल ठसा देणाऱ्या पत्रिकांना पुन्हा मागणी आहे.

हे सगळं बाजूला काढून जे उरतं, झिजलेले, मिसळलेले, पांढरे पडलेले खिळे, ते खरं भंगार. त्याची परीक्षा घरी करता येते.

पहिली नखाची. शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो, खिळ्यावर उठत नाही. दुसरी मोडण्याची: शिशाची पट्टी वाकते, चांगला खिळा पकडीत धरून वाकवला की तटकन तुटतो आणि तुटलेला भाग करड्या कणांचा दिसतो. फरशीवर टाकल्यावर शिसं ‘थप्’ करतं, खिळा किंचित वाजतो. या तिन्ही परीक्षा ढोबळ आहेत. भाव ठरवायला पाण्याची परीक्षा करा.

एक डिजिटल काटा घ्या, निदान एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. मोठ्या पॉइंटचे स्वच्छ खिळे निवडून दोऱ्याने घट्ट बांधा, जुळारी जुळवलेलं पान बांधतो तसे. बरोबर ५०० ग्रॅम भरतील असे. आता काट्यावर प्लास्टिकच्या भांड्यात पाणी ठेवून आकडा शून्य करा. खिळ्यांची जुडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत धरा. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, आणि हलवून आतले बुडबुडे निघू द्या. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तेवढे मिलिलिटर त्या जुडीचं आकारमान. शुद्ध शिसं असेल तर आकडा ४४ च्या आसपास येईल. लायनोच्या धातूला ४८-४९ येतो, मोनोला ५१, आणि फाउंड्रीच्या कडक मालाला ५५ ते ५७. अँटिमनी आणि कथील शिशाहून हलके असल्यामुळे ते जितके जास्त, तितकं त्याच वजनाला पाणी जास्त सरकतं. दोन-तीन वेगळ्या केसमधले खिळे घेऊन परीक्षा करा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. नंतर कारखान्याच्या, धातूंचं प्रमाण दाखवणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर तपासणी होईल तेव्हा तुमचे आकडे तुमच्या हाताशी असतील.

आता पैशाचा हिशोब. गेल्या काही वर्षांत कथलाचा भाव शिशाच्या दहापटीहून अधिक राहिला आहे. समजा तुमच्याकडे १०० किलो खिळे आहेत आणि त्यात कथील फाउंड्रीच्या खिळ्यासाठी मी वर सांगितलंय त्याहून कमी, म्हणजे १० टक्केच धरलं. ते १० किलो कथील एकटंच १०० किलो शिशाच्या मोलाचं झालं. म्हणजे गुजरीवाला शिशाच्या भावाने १०० किलोचे पैसे देतो तेव्हा तो केवळ कथलाचे पैसे देतो आणि शिसं, अँटिमनी फुकट नेतो. अँटिमनीचीही गोष्ट साधी राहिलेली नाही. चीनने सप्टेंबर २०२४ पासून तिच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि जगभर भाव भडकले. अर्थात घेणारा धातूची पूर्ण किंमत कधीच देणार नाही. वेगळा करण्याचा खर्च, घट, त्याचा नफा, सगळं त्याला त्यातून काढायचं असतं. पण बोलणी कुठून सुरू करायची हे या हिशोबावरून कळतं. शिशाचा रोजचा भाव एमसीएक्सवर दिसतो, कथील तिथे नाही, त्यासाठी लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव बघा आणि डॉलरचे रुपये करा. विकण्याच्या दिवशीचे दोन्ही आकडे मोबाइलमध्ये ठेवून जा.

विकायचं कुणाला? लोखंड, बीड आणि थोडं पितळ गल्लीतल्या गुजरीच्या दुकानात द्यायला हरकत नाही, त्यासाठी फार धावाधाव परवडत नाही. खिळ्यांसाठी मात्र ज्याला हा मिश्रधातू जसाच्या तसा उपयोगी पडतो असा माणूस शोधा, कारण धातू वेगळे करायचा खर्च त्याला नसतो. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतणारे, झाळकामाचा धातू बनवणारे, बॅटरीच्या जाळीसाठी अँटिमनीयुक्त शिसं तयार करणारे, असे ग्राहक हुबळीच्या गोकुळ रोडवर, तारिहाळला, बेळगावच्या उद्यमबागेत, पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी केली तर सापडू शकतात. माल दोन-चार पोती असेल तर एकटं जाण्यात अर्थ नाही. गावातल्या दोन-तीन बंद छापखान्यांच्या लोकांनी एकत्र येऊन खेप केली तर कारखानाही दखल घेतो आणि गाडीभाडंही वाटलं जातं.

शिशाचं भंगार घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. २०१६ च्या नियमांनुसार ते पुनर्वापरासाठी घेणाऱ्याकडे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. कर्नाटकच्या मंडळाचं प्रादेशिक कार्यालय धारवाडला आहे. अधिकृत पुनर्वापर करणारे कोण ही चौकशी तिथे करता येते. कारखान्याला विकताना त्याच्या परवानगीची प्रत मागा, प्रामाणिक माणूस ती दाखवायला कां-कूं करत नाही. छापखान्यात इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या पडलेल्या असतील तर त्या या मालात मिसळू नका, त्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो.

वजनाच्या वेळी स्वतः उभे राहा. शिसं दिसतं लहान आणि भरतं फार. तेलाचा पंधरा लिटरचा डबा खिळ्यांनी भरला तर उचलताना तळ निसटून पायावर येईल, म्हणून २० किलोच्या लहान पिशव्या करा, प्रत्येकीवर ढिगाचं नाव आणि वजन लिहा. घरीच एकदा सगळं मोजून ठेवा. ताणकाट्यावर वजन घेऊ देऊ नका. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचं चालू सील आहे का बघा, रिकामा काटा शून्य दाखवतो का बघा, आणि आपली एक पिशवी दोनदा ठेवून तोच आकडा येतो का तेही बघा. ‘माती-कचऱ्याचं’ म्हणून काही टक्के कापायची पद्धत आहे. माल निवडून, पुसून नेला असेल तर ती कपात नाकारायचा तुम्हाला हक्क आहे आणि तो बोलून दाखवा. एका गुजरीत खिळ्यांच्या पिशव्यांवर माझ्यासमोर पाच टक्के कापले जात होते. एक पिशवी तिथल्याच गोणपाटावर ओतून दाखवली, तेव्हा मालकाने काही न बोलता कपात सोडली.

पावती घ्याच. तिच्यावर ढीगवार वजन, दर, घेणाऱ्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक हवा. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं तर कर भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. तेव्हा ‘जीएसटी कापून देतो’ असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. छापखाना तुमच्या नावे व्यवसाय म्हणून अजून नोंदलेला असेल, किंवा यंत्र हिशोबाच्या वहीत मालमत्ता म्हणून दाखवलेलं असेल, तर विक्रीआधी सीएला एकदा विचारा. पैसे बँकेतून घ्या. वारसांत वाटणी व्हायची असेल तर ही पावतीच पुढे तुमच्या उपयोगी पडते. कोणता माल किती गेला यावरून भावा-भावांत संशय राहत नाही.

कुणाला विकायचं नाही, तेही सांगायला हवं. कल्हईवाला ‘थोडं कथील मिसळलंय ना, चालेल’ म्हणून खिळे मागेल, देऊ नका. कल्हईला शुद्ध कथील लागतं. शिशाचा अंश असलेला थर भांड्यात चढला तर तो रोजच्या आमटीतून घरच्यांच्या पोटात जातो. देवाच्या मूर्ती, खेळणी, मुलांच्या गळ्यातले ताईत ओतणाऱ्यांनाही नाही.

आणि बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्यांना तर मुळीच नाही. अमेरिकेत घरी गोळ्या ओतण्याचा छंद मोठा आहे आणि तिथले छांदिष्ट लायनो-मोनोचा धातू मुद्दाम शोधून घेतात, कारण त्याने गोळी कडक होते. हे वाचून किंवा व्हिडिओ बघून आपल्याकडेही कुणी विचारणा करतं, विशेषतः हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्टीत, जिथे पिकाच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवायचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. घेणाऱ्याने हेतू बोलून दाखवला आणि तरी तुम्ही माल दिला, तर पुढच्या चौकशीत तुमचं नाव येणार.

याच कारणाने आजोबांच्या कपाटात जुन्या बंदुकीबरोबर गोळ्या ओतायचा चिमटा किंवा साचा, पितळी काडतुसं, रिकाम्या पुंगळ्या सापडल्या तर त्या पितळेच्या ढिगात टाकू नका. न उडालेलं काडतूस भट्टीत गेलं तर तिथल्या कामगाराच्या जिवावर बेततं. पुंगळी रिकामी आहे की भरलेली हे उघडून बघायचा प्रयत्नही करू नका. जिथे आहे तिथे राहू द्या, खोलीला कुलूप लावा, ठाण्यात फोन करा आणि काय सापडलं ते लेखी कळवून पोच घ्या. बंदुकीचा जुना परवाना घरात असेल तर त्याची प्रत सोबत जोडा.